थोरल्या आईचा मुलगा

आमचे बाबा सिऊ कामतोंग वारले तेव्हा सगळं हुआराल गाव म्हणालं, चिनी दुकानदार असावा तर असा. देवमाणूस. असतील. मी त्यांची मुलगी ओर्तेन्सिया. दुकानात तांदूळ आणि रॉकेल मापता मापता माझे केस पिकले, आणि मी म्हणते, या देवमाणसाने माझ्या आईच्या जन्माचं मातेरं केलं.

बाबांची पहिली बायको चीनमध्ये होती. लग्नानंतर चार महिन्यांतच ते पेरूला आले आणि परत काही गेले नाहीत. इथे त्यांना माझी आई भेटली, एउदोसिया, कापसाच्या मळ्यात राबणारी. थोरलीला मूलबाळ नव्हतं. म्हणून माझा धाकटा भाऊ आन्सेल्मो पाच वर्षांचा झाला तसं बाबांनी त्याला तिच्याकडे धाडायचं ठरवलं. तेव्हा बरेच चिनी बाप हेच करत. पोरगा अक्षरं शिकेल, पूर्वजांना उदबत्ती लावील, दहा वर्षांनी परत येईल. मला कोण पाठवतंय? मुलीने लावलेल्या उदबत्तीचा वास पूर्वजांना येत नसावा.

"दहा म्हणजे दहाच हं, चिनोबा," आई म्हणाली. "अकरावं लागलं तर मी पोहत जाईन."

"तुला पोहता कुठे येतं?" बाबा हसले.

कायाओ बंदराच्या धक्क्यावर बाबांनी आन्सेल्मोला बजावलं, "आता थोरली तीच तुझी आई. कोणीही विचारलं तरी तिचंच नाव सांगायचं." त्यांच्यात रीतच तशी. जन्म धाकटीने द्यायचा, आई मात्र थोरली. पोराने तिथल्या तिथे ते नाव तीनदा म्हणून दाखवलं. आईने त्याचे केस ओले करून भांग पाडला.

पुढे युद्ध लागलं. आन्सेल्मो गेल्याला अकरा वर्षं झाल्यावर पत्र आलं, तो हाँगकाँगला पोचलाय. आईने त्याची खाट मांडली. तेव्हा नव्या चिन्यांना पेरूत येऊ देत नव्हते, पण इथे जन्मलेल्यांना मुभा होती, आणि त्याच्याजवळ जन्मदाखला होता. तिथल्या पेरूच्या कचेरीतल्या साहेबाने विचारलं, आईचं नाव काय? पोराने थोरलीचं नाव सांगितलं. दाखल्यावर एउदोसिया. साहेब म्हणाला, हा दाखला दुसऱ्या कुणाचा तरी आहे, आणि त्याला बाहेर घालवलं.

"कचेरीत आईचं नाव विचारतात हे मला काय ठाऊक?" बाबा म्हणाले. आन्सेल्मोचं दुसरं पत्र त्यांनी घडी घालून गल्ल्यात ठेवलं. "आमच्यात बापाचं विचारतात."

"त्याने चुकीचं सांगितलं का?"

"नाही. मी शिकवलं तेच."

"मग गुणी निघाला," आई म्हणाली आणि आत जाऊन खाट उचलली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! बाबांनी अर्जांवर अर्ज केले. पोरगा थोरलीकडे परतला. दोन वर्षांत चीनमधलं राज्य पालटलं, पत्रंही बंद झाली. पुढे बाबा वारले.

एकोणऐंशी साली अचानक आन्सेल्मोचं पत्र आलं. गावात चिनी वाचणारा एकच उरला होता, टोफू करणारे लाउकाका. त्यांनी दुकानात बसून वाचलं.

"'लहानपणी एक बाई माझे केस ओले करून भांग पाडायची. आई सांगायची, ती दुकानातली मोलकरीण. आता आई वारली. कुणी असेल तर खरं सांगा, ती बाई कोण होती?'"

"लिहा, लाउकाका," मी म्हणाले. माझं डोकं तडकलं होतं. "चार पानं लिहा. सगळं लिहा."

आईने मला हाताने गप्प केलं. "मुलंबाळं आहेत त्याला?"

"तीन. एक नातूही आहे."

"थोरलीला उदबत्ती लावतो?"

"रोज लावतो, असं लिहिलंय."

आईने सुपातल्या तांदळातला एक खडा वेचून टाकला.

"एवढ्या मोठ्या माणसाची आई आता कशाला काढून घ्यायची?" ती म्हणाली. "लिहा, मोलकरीणच होती. जीव लावायची म्हणावं."

लाउकाकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी लिहिलं, आणि पाकिटाला तिकीट मी चिकटवलं.