कोरा माइक

लग्नाच्या हॉलांत गाणी म्हणून मी पोट भरते, त्यामुळे माइकशी माझं रोजचं भांडण. आमचे दादा, म्हणजे वडील, मात्र माइकला शिवतही नसत. मेंढरांमागे जन्म गेलेला माणूस. सिल्लोडकडच्या आमच्या गावी जत्रेत बिरोबाच्या ओव्या म्हणायचे आणि समोर माइक आला की दोन हात मागे सरकायचे.

"धा जणांनी त्वांड लावलेलं उष्टं हाय ते. देवाम्होरं उष्टं चालत नाय."

मग साउंडवाला आवाज वाढवायचा आणि स्पीकर असा किंचाळायचा की बाया कानांवर हात ठेवायच्या. दादा काही ओवी तोडायचे नाहीत. पण त्यांचा आवाज लांबून, कोरडाच यायचा. मला तो जवळून ऐकायचा होता. लहानपणी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायचे तसा, श्वासासकट.

शेवटी कोराच माइक घ्यायचं ठरवलं आणि शहरातला शहागंजचा बाजार गाठला. दुकानदाराने खोका फोडला, आता जाळीवर फुंकर मारून 'हॅलो, हॅलो' करणार, तोच मी ओरडले, "अहो, तोंड लावू नका!"

"अरे बाई, टेस्ट करे बगैर कैसा लेते?"

मग काउंटरवरचे नमुन्याचे माइक मागितले. ओठांशी धरून, लांब नेऊन, मान वळवून गायले. एक चिरका निघाला. दुसरा माझ्यापेक्षा रस्त्यावरच्या रिक्षाच जास्त ऐकत होता. तिसऱ्यात मात्र आवाज भरून आला आणि बाजाराचा कलकलाट मागे राहिला. त्याच जातीचा बंद खोका घेतला. दुकानदार आपला मान हलवत बसला.

जत्रेच्या संध्याकाळी दादांनी स्वतः खोका उघडला, माइक उलटासुलटा करून पाहिला आणि माझ्यापुढे धरला.

"आदी तू म्हन."

"दादा, उष्टा होईल की!"

"लेकीचं उष्टं नसतंय. म्हन."

मी एक ओळ म्हटली. पुढची त्यांनी उचलली, जाळीला ओठ टेकवून. ओळीआधीचा श्वास, मधेच गिळलेला आवंढा, म्हातारपणाची खरखर, सगळं स्पीकरमधून आलं. मी तिथेच उभी राहून रडले. रेकॉर्ड करायला मोबाइल काढायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

पुढच्या जत्रेला दादा नव्हते. त्या आवाजासाठी अजून जीव तुटतो. भाजी चिरताना, स्कूटर चालवताना, कधीही. दुसरं कुणी ओवी म्हणायला लागलं की मला तिथे बसवत नाही.

तो माइक मी आता सगळीकडे नेते आणि दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. परवा चितेगावच्या कार्यक्रमात साउंडवाला म्हणाला, "ताई, जरा लांब धरा, ओठ लागतायत."

मी तो आणखी जवळ घेतला.