हेडबाई आणि माझी 'झालेली' मॅट्रिक

आमच्या वॉर्डात 'बहुतेक' या शब्दाला बंदी होती. ती हेडबाईंनी घातलेली. पेशंट बहुतेक झोपला, बहुतेक जेवला असं कुणी म्हणालं की त्या चष्म्यावरून बघत आणि विचारत, "पाहिलंस, की वाटलं?" नुसतं वाटलं असेल तर परत जाऊन बघून यायचं. त्या कॉरिडॉरमध्ये मी जेवढ्या फेऱ्या घातल्या तेवढ्यात न्यू जर्सीतल्या एडिसनहून चालत न्यूयॉर्क गाठलं असतं.

हेडबाई हे नाव मीच ठेवलेलं. पिस्कॅटवेतल्या आमच्या घरापासून पाऊण तासावर सरकारी मनोरुग्णालय होतं. ऐंशीच्या दशकात, मुलं शाळेत जायला लागल्यावर, मी तिथे मदतनीस म्हणून लागले. पेशंटना आंघोळ घालायची, भरवायचं, चादरी बदलायच्या. मराठी मंडळात मात्र मी "सायकॉलॉजीत आहे" असं सांगायचे. बाकीच्या बायका एमएस्सी नाहीतर बीएड, मी तरी काय करणार! हेडबाई तिथल्या हेड नर्स. जॉर्जियाकडच्या, कृष्णवर्णीय, उंचनिंच, आणि पावलांचा आवाज अजिबात नाही. एकदा त्यांच्या तोंडावरच 'हेडबाई' म्हणून गेले. अर्थ विचारला, तर सांगितलं, शाळेच्या मुख्याध्यापिकेला म्हणतात. भिंतीला टेकून हसल्या. "आठवीत शाळा सोडली मी, हनी. इथल्या लाँड्रीत चादरी धूत होते. आणि आता मुख्याध्यापिका!"

चार्ट लिहिताना माझं इंग्रजी मराठीवरून यायचं. एक आजोबा सकाळपासून तोच तोच प्रश्न विचारून डोकं खात होते. मी चार्टमध्ये लिहिलं, 'पेशंट एट माय हेड ऑल मॉर्निंग.' तासाभरात डॉक्टर धावत आले. हेडबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ते डावीउजवीकडे वळवून पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "सगळं शाबूत आहे." मग मला बाजूला घेऊन: "डोळ्यांना दिसलं ते लिही. प्रश्न काय, किती वेळा. तुझ्या डोक्याचं काय झालं, ते घरी नवऱ्याला सांग."

ते मी घरी खरंच सुरू केलं. 'हे चिडले' असं न म्हणता मुलांना सांगायचे, "बाबांनी ताट दोन इंच सरकवलं, भुवया वर." घरातल्या माणसांना ते अजिबात आवडत नसे.

पण वॉर्डात त्याचा उपयोग झाला. एक गृहस्थ भर उन्हाळ्यातही ओव्हरकोट घालून बसत. जेवणाचा ट्रे भिरकावून देत, म्हणून त्यांच्या नावापुढे 'आक्रमक' लिहिलेलं. मी आठवडाभर पाहिलं आणि लिहिलं: 'ट्रे डावीकडून आला की दचकतात, फेकतात. उजवीकडून आला की जेवतात.' डोळे तपासले तेव्हा डावीकडे पिकलेला मोतीबिंदू निघाला. हेडबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. "तू नर्सिंगला जा," म्हणाल्या. चहा घे म्हणावं तितक्या सहज.

हॉस्पिटल दर वर्षी दोन मदतनिसांना पगार चालू ठेवून प्रॅक्टिकल नर्सच्या वर्षभराच्या कोर्सला पाठवत असे. त्यासाठी एकच कागद लागायचा, शाळा संपवल्याचं सर्टिफिकेट. इथे माझं घोडं अडलं. मला बघायला आले तेव्हा वडील म्हणाले होते, "मुलीची मॅट्रिक झालीय." झालीच होती. तीनदा झाली होती, आणि तिन्ही वेळा मी गणितात आपटले होते. पास झाली, असं ते म्हणाले नाहीत आणि सासरच्यांनी विचारलं नाही. नोकरीच्या फॉर्मवर मीही तेच केलं. शिक्षणाच्या रकान्यात बिनदिक्कत लिहिलं: मॅट्रिक.

"सर्टिफिकेट कुठे आहे?" हेडबाईंनी विचारलं.

"इंडियात होतं. पुरात वाहून गेलं."

"पूर पाहिलास?"

"हो. अंगणापर्यंत पाणी आलं होतं."

"त्यात सर्टिफिकेट वाहताना पाहिलंस?"

मग म्हटलं, "सर्टिफिकेटच कधी पाहिलं नाही."

नोकरी गेली असं मी धरून चालले. हेडबाईंनी कपाटातून माझा जुना फॉर्म काढला. "मदतनिसाच्या कामाला हा रकाना भरायची गरजच नव्हती. फुकट खोटं बोललीस." आणि पेन पुढे केलं. चार्टमधली चूक गिरगटून लपवायची नसते. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, बरोबर काय ते लिहायचं आणि सही करायची. मी 'मॅट्रिक'वर रेघ मारली, 'मॅट्रिक नापास' लिहिलं, सही केली. सदतीस वर्षांची घोडी मी तेव्हा.

शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी जीईडी नावाची परीक्षा असते; ती पास झालं की शाळा संपवल्याचं सर्टिफिकेट मिळतं. हेडबाई स्वतः त्याच दारातून आत आलेल्या. क्लास आठवड्यातून दोन संध्याकाळी होता, म्हणजे त्या दिवशीचा स्वयंपाक ह्यांच्या गळ्यात, म्हणजे ह्यांना सांगणं आलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आई गावभर सांगते, सून मॅट्रिक आहे म्हणून."

"मग आता?"

"आता काय! पास हो. या वयात आई खोटी पडायला नको."

जेवणाच्या सुट्टीत हेडबाई माझं गणित घेत. अपूर्णांकांपाशी मी अडले. त्यांनी औषधाचा छोटा कप पाण्याने भरून चौथा हिस्सा ओतून टाकला. "हे किती?" मी पटकन म्हटलं, "पाऊण!" आणि मग पाव, अर्धा, सव्वा, दीड, अडीच, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. "प्रत्येकाला वेगळा शब्द आहे तुमच्यात?" त्या म्हणाल्या. "आणि तरी तू नापास?" परीक्षेत गणित काठावर सुटलं. पण काठाच्या वरच्या बाजूला.

पुढचं वर्ष कोर्सचं. लायसन्स घेऊन, पांढरा कडक युनिफॉर्म घालून मी त्याच वॉर्डात परतले. मला वाटलं, जन्मभर हेडबाईंच्या हाताखाली राहीन. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ओव्हरकोटवाल्यांबद्दल मला विचारलं, "नर्स, कसे आहेत आज?" मला पक्कं माहीत होतं. तरी मी हेडबाईंकडे पाहिलं, आणि सवयीने त्यांनीच उत्तर दिलं.

शुक्रवारी माझ्या बदलीचा कागद आला. पलीकडची इमारत, बायकांचा वॉर्ड. सही त्यांचीच. मी तणतणत गेले. "माझं काय चुकलं?"

"काही नाही. पण मी इथे असेपर्यंत तू माझ्याकडेच बघणार."

"नाही बघणार."

"आत्ता कुणाकडे आलीस?"

मी रुसले. चांगली सहा महिने रुसले, फोनसुद्धा केला नाही. राग ओसरेपर्यंत त्या निवृत्त होऊन बहिणीकडे जॉर्जियाला निघून गेल्या होत्या. निरोपाला केक कापला म्हणे. मी नव्हते. एवढी शहाणी मी!

नव्या वॉर्डातल्या पहिल्या सोमवारी डॉक्टरांनी एका बाईंच्या पलंगापाशी थांबून विचारलं, "कशा आहेत या?" मी शेजारी पाहिलं. शेजारी फायलींचं कपाट होतं.

मग मीच सांगितलं.