बियाचे झाड

आश्विनातल्या दुपारी आमच्या सड्यावर, म्हणजे गावामागच्या जांभ्याच्या उघड्या पठारावर, सुकत चाललेल्या गवताला एक कडवट-गोड वास येतो. तो मला आता सोसत नाही. त्या वासात मी अजून रोजीनबायच्या मागोमाग चालते आहे, आणि घरी कॉटवर माझा नवरा हळदीसारखा पिवळा होऊन छताकडे पाहत पडला आहे, असे क्षणभर वाटते.

गोव्याच्या इस्पितळाने 'घरी न्या' असे सांगितले, त्याच्या आदल्या दिवशी तिथल्या बाकावर बसून मी फोनवर चेरोकींविषयी वाचत होते. अमेरिकेतल्या या आदिवासींची एक जुनी श्रद्धा आहे. माणसाच्या बेसुमार शिकारीला विटलेल्या प्राण्यांनी सभा भरवली आणि माणसासाठी रोग निर्माण केले. ते ऐकून वनस्पतींना दया आली आणि प्रत्येकीने एकेका रोगावर उतारा होण्याचे वचन दिले. त्यांचा वैदू मुळी शोधताना पहिली तीन झाडे ओलांडून जातो, चौथ्यापाशी प्रार्थना करतो आणि काढलेल्या मुळाच्या जागी एक मणी ठेवून माती लोटतो. तीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवणारी मी, ते वाचून ढसाढसा रडले. बुडत्याला काडीचा आधार, दुसरे काय.

काविळीवर मुळी देणारी रोजीनबाय आमच्याच वाडीत राहते. तिच्याकडे जाणाऱ्यांना मी वर्गात नावे ठेवत आले होते, हे तिला ठाऊक होते. तरी तिने एका शब्दाने टोमणा मारला नाही. कोयती घेऊन ती माझ्याबरोबर सड्यावर चढली. पूर्वी तिथे ही झाडे ताटव्यांनी असत म्हणे. आता निम्मा सडा चिरेखाणीने खाल्ला होता आणि उरलेल्यावर लाल धुरळा बसला होता. उन्हात तास-दीड तास हिंडल्यावर आम्हांला तीन झाडे दिसली. तीनच.

रोजीनबायने कपाळावर क्रूस काढला आणि एका झाडापुढे वाकून आपल्या नवऱ्याशी बोलावे तसे हलक्या आवाजात गाऱ्हाणे घातले. मग त्याचे मूळ काढून माझ्या पदरात टाकले.

"पयला दिसला ता बियाक सोडूचा, बाये," ती म्हणाली. "आनी एकाच्या वर घेवचा नाय. तेचो वंश रवाक व्हयो."

चेरोकी हा शब्दही तिने कधी ऐकला नसेल. एरवी मी या योगायोगाने हरखून गेले असते. त्या दुपारी मात्र एकाऐवजी तीन मुळ्या दिल्या तर तिप्पट गुण येईल, एवढेच माझ्या डोक्यात होते. माझे विज्ञान तेवढेच उरले होते. वहाणेत काटा मोडल्याचे सांगून मी मागे राहिले आणि उरलेली दोन्ही झाडे नखांनी उकरून काढली. गाऱ्हाणे घातले नाही, मागे काही ठेवले नाही. बियाला सोडलेले झाडही उपटले.

घरी मुळ्या कुटायला घेताना रोजीनबायने माझी मातीने भरलेली नखे पाहिली. "तिनूय काढलंस गो?" एवढेच म्हणाली, आणि कुटत राहिली.

अकराव्या दिवशी तो गेला.

कार्तिकात एका सकाळी माझी जुनी विद्यार्थिनी दारात आली. लग्नाला वर्षही झाले नव्हते. नवरा इस्पितळातून परत पाठवलेला, पिवळा पडलेला. रोजीनबायचे गुडघे धरले होते, म्हणून तिनेच हिला माझ्याकडे धाडले होते. माझे नाव सांगताना तिने आणखी काही सांगितले होते की नाही, ते हिच्या चेहऱ्यावरून कळेना.

"बाई, मुळी खंय गावता ती जागा तुमका ठावक आसा," ती म्हणाली. "माका दाखवशात?"

मी वहाणा घातल्या. आम्ही दोघी सड्यावर चढलो. प्रत्येक झुडपापाशी ती थबकायची, माझ्याकडे आशेने पाहायची, आणि मी म्हणायचे, हे नव्हे, अजून थोडे पुढे.