गोदीच्या तोंडाशी अडकलेलं जहाज

मॉडेलमध्ये पाणी भरलं आणि लाकडी जहाज गोदीच्या तोंडाशीच रुतलं.

मिरजेत माझं मॉडेल बनवण्याचं वर्कशॉप आहे. आजवर धरणं केली, कालवे केले, समुद्र पहिल्यांदाच. औंधजवळच्या एका शाळेला विजयदुर्गची खाडी हवी होती. ऑर्डर त्याच गावच्या आण्णांची. त्यांच्या गावात घरटी एक माणूस लष्करात, नेव्हीत गेलेले हे एकटेच. मराठी आरमाराची जहाजं खाडीतून आत येऊन काठावरच्या गिर्येच्या गोदीत दुरुस्तीला कशी लागत, ते त्यांना मुलांना दाखवायचं होतं. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की कोरड्यात काम करायचं.

मी भरतीच्या खुणेपर्यंत पाणी भरलं होतं. तरी गोदीत जेमतेम ओल. चाचणी बघायला वर्कशॉपवर आण्णांबरोबर त्यांचे चुलतभाऊ आले होते, माजी सुभेदार. ते म्हणाले, "काय रं, तुमचं आरमार खांद्यावरनं न्हेत हुता व्हय?"

आण्णा माझ्याकडे वळले. "ताई, ह्यो जलमभर मला खोट्यात काढतोय. आता पोरांम्होरं तुमी बी काढणार."

उद्घाटन चार दिवसांवर. मी चेकलिस्ट काढली. स्केल बरोबर. उतार बरोबर. उंचीचे आकडे जमिनीच्या नकाशावरून, खोलीचे सागरी चार्टवरून, जसेच्या तसे. सगळीकडे टिक.

आण्णांनी चष्मा लावून चार्टचा कोपरा वाचला. "शून्य कुठनं धरलंय?"

"समुद्रसपाटीपासून."

"कंच्या?"

मी जमिनीचा नकाशा चार्टशेजारी ठेवला आणि दोन्हींवरच्या टिपा वाचल्या. जमिनीच्या नकाशातली उंची समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजतात. चार्टवरची खोली मात्र अगदी खालच्या ओहोटीपासून, कारण खलाशाला कमीत कमी पाणी किती मिळेल ते कळायला हवं. दोन्ही शून्यांत प्रत्यक्षात साधारण छातीइतकं अंतर. मी दोन्ही नकाशे एकाच शून्यावर जुळवले होते. भरतीची खूण जमिनीच्या नकाशाप्रमाणे बरोबर होती, पण गोदीसकट खाडीचा सगळा तळ तेवढा वर बसला होता.

तळ पुन्हा कापला. तीन दिवस गेले, रंग चौथ्या दिवशी सकाळी वाळला.

शाळेत आण्णांनी पाणी सोडलं. जहाज सरळ आत गेलं. मग बूच काढलं, पाणी उतरलं आणि जहाज ठोकळ्यांवर कोरडं बसलं. मुलं पुढं सरकली. सुभेदार त्यांच्याआधीच वाकून बघत होते.

"आण्णा," ते हळूच म्हणाले, "परत एकदा भर की."

माझ्या चेकलिस्टची पहिली ओळ आता 'शून्य कुठून?' अशी आहे. तिच्यापुढे टिकची चौकट नाही. उत्तर लिहावं लागतं.