आक्काचा मोर

आक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी एका ओल्या भिंतीसमोर उभा राहून माझ्या हाताखालच्या माणसाच्या चित्राला नावं ठेवत होतो. निरोप ऐकूनही हातातलं वाक्य पुरं केलं आणि मगच पागोटं उचललं. अशी माझी जीभ. गावात माझ्या कुंचल्याइतकाच तिचाही लौकिक आहे. पण तिचा पहिला वार कोणावर झाला, हे मात्र मी कधी कोणाला सांगितलं नाही.

आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लग्नानंतर एका भाऊबीजेला माहेरी आली असताना दारावर गोंदणकरीण आली. इतर मुलींनी तिच्याजवळची ठरलेली नक्षी घेतली, तुळस, पाळणा, कमळ. आक्काने मात्र काजळाची काडी मागून घेतली आणि स्वतःच्या डाव्या हातावर मोर काढला. मान पाठीमागे वळवून आपलाच पिसारा बघणारा. गोंदणकरणीने त्या रेघांवर सुया टोचल्या, आक्का दात आवळून बसली आणि झाल्यावर सुजलेला हात माझ्यापुढे धरून म्हणाली, “बघ रे, जमलाय का?” मी तेव्हा चौदा वर्षांचा, वर्षभर रंग खलून स्वतःला मोठा चितारी समजणारा. म्हणालो, “मोर कसला? अंग खाजवणारी कोंबडी आहे ही!” सगळे हसले. गोंदणकरीणसुद्धा हसली. आक्काबरोबर आलेल्या तिच्या नणंदेने ते नाव नारायण पेठेत सासरी नेलं आणि आक्काची तिथे कोंबडी झाली.

भिंतीवरचं चित्र वाईट झालं तर चुना फासता येतो. हातावरचं काय पुसणार? त्यानंतर दर भाऊबीजेला ती मला ओवाळायची ती डाव्या हातावर पदर ओढून. मी ओवाळणी घालायचो, लाडू खायचो. एकदाही म्हणालो नाही, आक्का, मी उगाच बोललो गं...

पुढे एका सरदारांच्या दिवाणखान्यात काम मिळालं. खिडकीशेजारी अरुंद जागा होती, सरळ मानेचा मोर तिथे मावेना. मी मान मागे वळवली. हात आपोआप वळला, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. साफ खोटं! रेघ ओढताना आक्काचा हात डोळ्यांपुढे लख्ख होता. त्या मोरावर मला शेला मिळाला, जाणकारांनी मान वळवण्याची ही तऱ्हा माझ्या नावावर टाकली आणि मी ती राहू दिली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आक्का त्या वाड्यात गेली होती. मी सज्जात काम करत होतो. ती मोरापुढे बराच वेळ उभी राहिली, मग माझ्याकडे वळून इतकंच म्हणाली, “मान छान जमलीय. पाय मात्र तुझेच हो.” पाय खरोखरच बेढब होते. हसून मी कुंचला धुवायला घेतला. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आणि तिच्या या मोठेपणाचीच मला आज सर्वांत जास्त लाज वाटते.

आक्का गेली त्या दिवशी तिला न्हाऊ घालताना बायकांनी तो हात उघडा पाहिला. भाची गोदी रडतच बाहेर आली. ओसरीवर पेठेतली दहा-पंधरा माणसं होती, माझं काम वाखाणणारीही त्यांत होती. “मामा,” ती म्हणाली, “लहानपणी विचारलं की आई हात ओढून घ्यायची. आज कळलं. तुमचा वाड्यातला मोरच गोंदवून घेतला होता ना तिनं? केवढं कौतुक होतं तिला तुमचं!”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “हो.”

म्हणून हे लिहिलं. गोंदण आधीचं आहे, भिंत नंतरची. मोर आक्काचा आहे. माझ्याजवळ शिकलेल्यांनी हे वाचावं आणि मला काय म्हणायचं ते म्हणावं. पण गोदीला अक्षरओळख नाही. तिला हे समोर बसून, तोंडानंच सांगायला हवं... तीन आठवडे झाले, मी नारायण पेठेकडे फिरकलेलो नाही.