हात मिळवायचा नाही

पुरिंगला सगळं गाव मानांग, म्हणजे थोरली बहीण म्हणतं, आणि थोरल्या बहिणीला राबवावं तसं राबवतं. एकवीस वर्षं ती वस्तीच्या पहाऱ्यावर आहे. अंगात जाकीट, हातात काठी आणि कॅप्टनपुढे, म्हणजे वस्तीच्या निवडून आलेल्या प्रमुखापुढे, गप्प बसायचं.

यंदा फिएस्ताच्या, म्हणजे गावजत्रेच्या, बँड महोत्सवात छेड काढली गेलेल्या बायकांसाठी मदतीचा तंबू उभारला. कुठे, तर बिअरच्या टेबलांना लागून! ज्याने छेड काढली त्याच्याच पुढ्यातून जाऊन तक्रार करायची. मानांगने बैठकीत हे दोनदा सांगितलं होतं. तिला खुर्च्या पुसायला पाठवलं.

दुपारी रिझालिन आली. वीस वर्षांची, क्लॅरिनेट छातीशी घट्ट धरलेली. मिरवणुकीत वाजवताना रोमिलने मागून अंगाला हात घातला होता. रोमिल म्हणजे कॅप्टनचा धर्मपुत्र. कॅप्टन त्याला घेऊनच आला. पठ्ठ्याच्या बोटांना अजून भाजलेल्या डुकराची चरबी लागलेली होती.

कॅप्टनचा न्याय ठरलेला. दोघांनी हात मिळवायचा, कागदावर सही करायची, प्रकरण मिटलं. कोंबडी चोरली तरी हेच, बाईच्या अंगाला हात घातला तरी हेच.

"सणाचा दिवस आहे, इंदाय, पोरी," तो लाडाने म्हणाला. "माफी मागतोय ना तो? दे हात."

रिझालिनचा हात उचलला जाऊ लागला. मानांगच्या डोक्यात तिडीक गेली. एकोणिसाव्या वर्षी तिनेही याच चौकात असाच हात दिला होता. त्या माणसाने तो हसत दाबला होता. तो मरेपर्यंत ती बाजाराला लांबच्या रस्त्याने जायची.

तिने पोरीचं मनगट धरून हात खाली घेतला. "नको देऊस."

"पुरिंग, तू गर्दी सांभाळ."

"हे मिटवायचा तुम्हाला अधिकारच नाही, कॅप्टन. असल्या तक्रारींच्या कायद्याचं प्रशिक्षण झालं, त्याला तुम्ही जेवायला आला होतात, मी ऐकायला."

कॅप्टनने जाकीट काढून ठेवायला सांगितलं. तिने ते काढलं, त्याच्या कागदावर टाकलं आणि पोरीला घेऊन बिअरच्या टेबलांमधून सरळ पोलीस ठाण्यात गेली.

तिथल्या महिला पोलिसाने रिझालिनची तक्रार शब्दन् शब्द लिहून घेतली. मग विचारलं, आणखी काही? मानांगने खुर्ची पुढे ओढली आणि एक नाव सांगितलं.

"मानांग, तो तर अकरा वर्षांपूर्वीच वारला."

"माहीत आहे मला. लिही."