सांभाळायला दिलेलं पोरगं

आमच्या घरात नऊ वर्सं त्या पोराला कुणी 'माझा' म्हटलं न्हाय. मी बाप, ती आई, आन् दोघांच्या बी तोंडाला कुलूप. त्येच्या आधी आमाला चार पोरं झाली हुती. दोन देवीनं नेली, एक हगवणीनं, आन् एक तर बारशाच्या आधीच गेलं. पाचवं झालं तवा सुईणीनं त्येला सुपात घातलं आन् उंबऱ्याभाईर आणून ठेवलं. गल्लीच्या तोंडाला एक पिंजारीण राहायची, गाद्यांचा कापूस पिंजणारी. तिची सात पोरं, सातीच्या साती धडधाकट. तिनं पसाभर कोंडा आमच्या पदरात टाकून पोरगं इकत घेतलं, आन् लगीच ते परत आमच्या हातात देत म्हणाली, "हे माझं हाय. तुमी नुसतं सांभाळायचं. बारा वर्सं पुरी हुईस्तवर कवा माझं म्हणशीला तर बघा!"

ही रीत आमच्यात सगळ्यांना ठावं. मरण दाराशी येऊन इचारतंय, ह्या घरात पोर हाय का? तवा न्हाय म्हणायचं. दुसऱ्याचं पोर ते नेत न्हाय. पोराचं नाव बी असं वंगाळ ठेवलंतं की कुणाला त्येचा हेवा वाटू न्हये. नाक टोचून बारीक मुरणी घातली. त्येनं मला मामा म्हणायचं, आईला मामी. रस्त्यात कुणी इचारलं, "काय वो, पोरगं कुणाचं?" तर मी म्हणायचो, "आमचं न्हवं बाबा, सांभाळायला दिलंय." इचारणारा हसायचा, मी हसायचो, आन् पोरगं तर पोट धरून हसायचं. कोल्हापुरात ह्या उत्तराचा अर्थ शेंबड्या पोराला बी कळत हुता.

मी दरबारच्या बँडात मोठा ढोल वाजवायचो. आमचे बँडमास्तर गोव्याकडचे किरिस्ताव. त्येंचा थोरला लेक लांब एका छावणीच्या गावात पाद्र्यांच्या बोर्डिंगात शिकून आलता. एकदा साहेबाच्या बंगल्यावर बँड लागला हुता. आमी उन्हात घामानं निथळत उभं, आन् त्यो इशीतला पोरगा साहेबासंगं फाडफाड इंग्रजी बोलला. साहेबानं त्येला खुर्ची दिली. बाप उभाच हुता. ती खुर्ची काय माझ्या डोक्यातनं जाईना. घरी आल्यावर म्हटलं, पोराला तिथं घालायचा.

"येड लागलंय का तुमास्नी?" कारभारीण म्हणाली. "गावोगावची पोरं शिकायला कोल्हापुरात येत्यात. महाराजांनी त्येंच्यासाठी बोर्डिंगं काढल्यात. आन् तुमी कोल्हापुरातलं पोरगं उचलून भाईर घालवतासा?"

"हितं तसलं इंग्रजी मिळतंय व्हय?"

"मग न्हाय मिळंना! इंग्रजी काय भाकरीबर खायाचंय?"

मी तापट मानूस. म्हटलं, बायकांच्या जातीला काय कळतंय. आज ते आठवलं की माझ्याच थोबाडात पायताण हाणावं वाटतंय. दोन दिस ती जेवली न्हाय. तिसऱ्या दिशी म्हणाली, "न्हेतासा तर न्हेवा. पर तिथं बी जीभ आवरा. हत्ती गेला आन् शेपूट राह्यलंय. तीनच वर्सं हाईत."

मिरगाच्या आधी आमी निघालो. मिरजेला गाडी बदलली. पोरगं सारखं खिडकीतनं डोकं काढायचं आन् मी सारखं आत वढायचो. बँडमास्तरनी चिठ्ठी दिलती, पोरगं हुशार हाय, ठेवून घ्यावं, येवढीच. बोर्डिंग म्हंजे लांबलचक दगडी इमारत. आत एका खोलीत थोरले पाद्री बसलेले, पांढरी दाढी, म्होरं भलं मोठं पुस्तक. आन् त्येंच्या डोक्यावर भिंतीला त्येंचा देव. हातापायाला खिळं ठोकलेला, मान पडलेला. मी असला देव कवा बघितला नव्हता. आमचं देव वाघावर बसत्यात, घोड्यावर बसत्यात. हितं मरणच भिंतीला टांगलंय म्हणा की!

पाद्र्यांनी चिठ्ठी वाचली. त्येंचं मराठी पुस्तकी, पर सवच्छ. इचारलं, "हा मुलगा कोणाचा?"

पोरगं माझी बाही धरून उभं हुतं. मला चारी गेलेली पोरं डोळ्याम्होरं दिसली. त्या मेलेल्या देवाच्या खाली उभा राहून मी 'माझा' म्हणू? दुधानं पोळलेला मानूस ताक बी फुंकून पितोय. मी म्हटलं, "माझा न्हवं साहेब. सांभाळायला दिलाय."

"याचे आईबाप?"

"देवाला ठावं."

पाद्र्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्येंनी उठून पोराच्या डोक्यावर हात ठेवला. पोरगं गालातल्या गालात हसलं, कारण घरी ह्या उत्तरावर हसायचंच असतंय. त्येंनी पुस्तकात काय काय लिहिलं, माझ्याम्होरं एक इंग्रजी कागद सरकवला. त्येवर मी मोडीत झोकात सही केली. फीचं इचारलं तर हात हालवून नको म्हणाले. मला वाटलं, बघा, बँडमास्तरच्या चिठ्ठीला केवढा मान! पोरगं म्हणालं, "मामा, कवा येशीला?" म्हटलं, "दिवाळीला घरी न्ह्यायला येतो की." आन् निघालो. वाटंत मिरजेला भजी खाल्ली. येवढा खुशीत हुतो मी.

दिवाळीपत्तोर एक पत्र न्हाय. कारभारीण रोज इचारायची. मी म्हणायचो, शिस्तीची शाळा हाय, तिथं पोरं अभ्यास करत्यात, पत्रं खरडत बसत न्हाईत. दसऱ्याची स्वारी झाली, बँडाची सुट्टी मिळाली, आन् मी गेलो. तिनं लाडू दिलं नव्हतं. म्हणाली, "त्येला घरी आणा, हितंच खाईल."

फाटकावर पावण्यांची गर्दी. बाप पोरांना न्ह्यायला आलतं, कोण टांग्यातनं, कोण चालत. फाटकावरच्या मानसाला मी पोराचं नाव सांगितलं. त्येनं वही चाळली आन् म्हणाला, "त्यो व्हय? त्यो अनाथांतला. अनाथाला सुट्टी न्हाय पावणं. ती पोरं मागल्या अंगाला."

अनाथ! मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं सांगतोय ह्यो. मी तसाच मागं गेलो. तिथं पत्र्याची शेड, आत सुताराची बाकं, भुशाचा ढीग. आन् आमचं पोरगं रंधा मारत हुतं. डोकं भादरलेलं. शेंडी न्हाय. नाकात मुरणी न्हाय, तिथं नुसतं भोक. दंडाएवढी मनगटं हुती त्येची, ती पार काटकी झालती. म्हटलं, "आरं, इंग्रजी शिकायचं सोडून हे काय करतोस?"

त्येनं आधी मागं बघितलं, कोण ऐकतंय का. "इंग्रजी फीवाल्या पोरांना. आमाला सुतारकाम." मग हळू म्हणालं, "मामा, तुमी कशाला आलासा?"

"कशाला म्हंजे? न्ह्यायला आलोय. चल, मी बाप हाय म्हणून सांगतो त्येंना."

ते येवढं घाबरलं की रंधा खाली पडला. "नगा सांगू! पाया पडतो, नगा सांगू!" आन् मग त्येनं सांगितलं ते मी मरंस्तवर इसरणार न्हाय. पयल्याच आठवड्यात त्येनं मास्तरला सांगितलंतं, मला आई हाय, बाप हाय, कोल्हापुरात. मास्तरनी पुस्तक काढलं. पुस्तकात लिहिलेलं, कोण न्हाय. हाताला धरून आणणाऱ्यानं सोता सांगितलेलं. मग खोटं बोलल्याबद्दल सगळ्या पोरांम्होरं वेताच्या छड्या. त्येनं परत तेच सांगितलं. परत छड्या. तिसऱ्या बारीला त्येनं कबूल केलं की मी खोटं बोललो, मला कुणी न्हाय. तवापास्नं मार बंद.

"आता ते बदलून सांगितलं की परत खोटं ठरंल," ते म्हणालं. नऊ वर्साचं पोर हो! म्हाताऱ्या वकिलासारखं समजावून सांगत हुतं मला. त्येनं पाठ दाखवली न्हाय, मी सदरा वर करून बघितली.

माझं डोकं फिरलं. रीत गेली चुलीत! मी त्येला दंडाला धरून त्या थोरल्या पाद्र्यांच्या खोलीत घेऊन गेलो आन् वरडलो, "साहेब, पुस्तक फाडा ते! ह्यो माझा पोरगा हाय. माझा! माझ्या बायकूच्या पोटचा!" जनमात पयल्यांदा म्हटलं मी ते. कोंड्याची, पिंजारणीची, चार पोरांची सगळी हकिकत सांगितली. पाद्री शांतपणे ऐकत हुते. मानूस वाईट नव्हता हो त्यो. वाईट असता तर बरं झालं असतं, नरडं तरी धरलं असतं मी. ते म्हणाले, "तुम्ही माझ्यासमोर उभं राहून सांगितलंत, मुलगा माझा नाही. सही केलीत. कोणता बाप आपल्या जिवंत मुलाला नाकारतो?"

कोल्हापुरातल्या कुठल्या बी गल्लीत जाऊन इचारा म्हणावं वाटलं, पर ते कोल्हापूर नव्हतं.

शेजारी त्यो मास्तर येऊन उभा राह्यला हुता. त्येच्या काखंत वेत. पाद्र्यांनी पोराला जवळ घेतलं आन् मायेनं इचारलं, "खरं सांग बाळ. भिऊ नकोस. हे तुझे वडील आहेत का?"

पोरगं माझ्याकडं बघंना. वेताकडं बघत हुतं. मग म्हणालं, "न्हाय फादर. हे मला सांभाळत हुते." जरा थांबलं आन् म्हणालं, "लई चांगलं सांभाळलं त्येंनी."

पाद्री माझ्याकडं वळले. मी अजून बी भांडलो असतो, फाटकातल्या सगळ्या बापांना गोळा केलं असतं. पर मी खरा ठरलो की पोरगं आत्ताच्या आत्ता खोटं ठरणार हुतं, आन् मास्तरनी वेत काखंतनं हातात घेतलाच हुता. मीच बाप असल्याचा दरबाराचा कागद आणायचा, बँडमास्तरना आणायचं, ते सगळं मागनं. आत्ता, ह्या घटकेला, पोराचे दोन हात माझ्याम्होरं उघडं हुतं.

"व्हय साहेब," मी म्हटलं. "चुकलं माझं. माझा न्हवं त्यो."

मास्तरनी वेत परत काखंत धरला. त्येला मारलं न्हाय त्या दिशी.